‘लायन’ नव्हे, ‘लीन’!

कर्जाच्या आणि मुदत ठेवीच्या कागदांवर दिसणारा ‘लीन’ हा इंग्रजी शब्द आज आम्ही घेत आहोत. स्पेलिंग एल-आय-ई-एन. त्यामुळे पुष्कळजण ‘लायन’ म्हणतात. पण लायन म्हणजे सिंह, त्यात ‘ई’च्या जागी ‘ओ’ असतो. आपल्या शब्दाचा उच्चार ‘लीन’ किंवा ‘लीअन’. तो फ्रेंच भाषेतून आला. तिथे त्याचा अर्थ बंधन. मराठीत त्याला ‘धारणाधिकार’ म्हणतात.

वस्तू आपलीच, परंतु देणे फिटेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा दुसऱ्याचा हक्क, म्हणजे लीन. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे कोट शिवणारा शिंपी शिलाई मिळेपर्यंत तो कोट ठेवून घेऊ शकतो. मात्र ‘शिवून होताच कोट देतो, पैसे ३ महिन्यांनी द्या’ असे त्याने कबूल केले असेल, तर त्याला तो अडवता येत नाही.

कलम १७१ बँकेला याहून मोठा हक्क देते. शिंप्याचा हक्क त्या कोटाच्या शिलाईपुरता. बँकेचा हक्क मात्र एकूण येणे बाकीसाठी. एखादी भगिनी सोन्यावरचे कर्ज फेडून दागिने सोडवायला जाते आणि बँक तिच्या दुसऱ्या थकलेल्या कर्जाकडे बोट दाखवते, तेव्हा बँक याच कलमाचा आधार घेत असते. असे वाद न्यायालयापर्यंत गेले आहेत. पण याच कलमात एक अटही आहे: करारात उलट ठरले असेल, तर हा हक्क चालत नाही. म्हणजे सारा भर आपण सही करतो त्या कागदावर!

तेव्हा दागिने किंवा मुदत ठेवीची पावती बँकेत ठेवताना, ती नेमक्या कोणत्या कर्जासाठी अडकणार हे सहीपूर्वी विचारावे. कर्ज फिटल्यावर बेबाकी दाखला घ्यावा आणि ‘लीन काढली’ याची खात्री लेखी करून घ्यावी.

हाच शब्द सरकारी नोकरीत कामगाराच्या बाजूने उभा राहतो. तिथे लीन म्हणजे कायम कर्मचाऱ्याचा आपल्या मूळ पदावरील हक्क.

घरातील शिकत्या मुलामुलींनी वडीलधाऱ्यांच्या सहीपूर्वी कागदातील हा शब्द शोधावा व त्याचा अर्थ मराठीत समजावून सांगावा, एवढीच आमची विनंती.