चादर नको, पाठ तपासा

तपासणी पथक येणार असं कळलं की सरकारी रुग्णालयात आदल्या रात्रीपासून धावपळ सुरू होते. चादरी बदलतात, लॉकर पुसले जातात, अर्धवट राहिलेली रजिस्टरं पूर्ण होतात. पथक येतं, वॉर्डातून फिरतं, शेरा लिहून निघून जातं. त्या नव्या चादरीवर टेकलेली पाठ मात्र कोणी उलटून पाहत नाही. शुश्रूषेचा दर्जा ठरवण्याची ही रीत चुकीची आहे, असं माझं ठाम मत आहे. दर्जा ठरवायचा असेल तर संशोधनाने खरं ठरलेलं काम या वॉर्डात होतं का आणि रुग्णाच्या अंगावर त्याचा काय परिणाम दिसतो, एवढंच आधी पाहावं.

यावर पहिला आक्षेप भावनेचा असतो. शुश्रूषा ही सेवा आहे आणि माया काही आकड्यांत मावत नाही, असं म्हटलं जातं. अमरावतीत या म्हणण्याला वजन आहे, कारण डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 साली उभं केलेलं तपोवन याच गावात आहे. समाजाने टाकलेल्या कुष्ठरुग्णांना तिथे जवळ केलं गेलं. पण कुष्ठरोगात बधिर झालेल्या तळपायाची जखम नुसत्या मायेने भरत नाही. त्या पायावरचा भार काढावा लागतो, तळवा रोज डोळ्यांनी तपासावा लागतो, कारण रुग्णाला स्वतःला काटा रुतल्याचंही कळत नाही. मायेला हे ज्ञान लागतंच. दर 12 मेला आपण ज्यांच्या नावाने दिवे लावून शपथ घेतो, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे मांडूनच सरकारशी भांडल्या. 1858 साली लंडनच्या सांख्यिकी सोसायटीने त्यांना पहिली महिला सदस्य करून घेतलं.

पाठीचंच उदाहरण घेऊ. दर्यापूर किंवा मूर्तिजापूरहून आणलेला लकव्याचा म्हातारा रुग्ण आठ दिवस उताणा पडून आहे. माकडहाडावर लालसर डाग उठलाय. नर्सिंगच्या पिढ्यान् पिढ्या इथे स्पिरिट आणि पावडर लावून चोळायला शिकल्या, आणि मनापासून चोळत आल्या. संशोधनाचं सांगणं उलटं आहे. दाबाखाली बारीक रक्तवाहिन्यांना आधीच इजा झालेली असते आणि चोळल्याने ती वाढू शकते. डाग बोटाने दाबून पाहायचा. तो पांढुरका पडला नाही तर ती बेडसोरची पहिली पायरी समजायची आणि त्या जागेवरचा भार हलवायचा. इथे प्रेम कमी पडलं नव्हतं, माहिती जुनी होती. इस्त्रीचा गणवेश आणि गोड बोलणं यांवर गुण देणाऱ्या तपासणीत ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते.

संशोधन कामच वाढवतं, हेही खरं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, हा नियम सगळ्यांना पाठ आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धशुश्रूषा केंद्रांत घेतलेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन, तीन आणि चार तासांचं अंतर ठेवून पाहिलं. रुग्ण दाट फोमच्या चांगल्या गादीवर होते आणि बेडसोरच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे रात्रपाळीला एकट्या असलेल्या सिस्टरचा भार गादीही हलका करू शकते. खरेदी समितीने रेक्झिनच्या पातळ गाद्यांची ऑर्डर काढताना हा पुरावा समोर ठेवायला नको का?

दुसरा आक्षेप असा की हे सगळं परदेशातलं, आपल्या गर्दीच्या वॉर्डाला ते कसं लागू पडणार? शंका रास्त आहे, निष्कर्ष नाही. विदर्भातच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने 39 गावांत नवजात बाळांची घरच्या घरी निगा राखण्याचा प्रयोग केला. काम गावातल्याच, थोडं शिकलेल्या बाया करत होत्या, आणि तुलनेला 47 गावं होती. हजार जन्मांमागे सुमारे 62 असलेले नवजात मृत्यू 25 वर आले. 1999 साली 'लॅन्सेट'ने ते छापलं, आणि पुढे देशभरच्या आशा सेविकांच्या कामात तीच पद्धत आली. परदेशी ज्ञान आपल्याकडे पारखून घ्यावं लागतं, हे मात्र सोळा आणे खरं. लाल डाग पाहा, असं गोऱ्या कातडीचं पुस्तक सांगतं. मेळघाटातल्या कोरकू आजीच्या सावळ्या पाठीवर ती लाली दिसेलच असं नाही. तिथे हाताला लागणारी ऊब आणि कडकपणा पाहावा लागतो. असा अभ्यास धारणी-चिखलदऱ्यात आणि अकोल्यात आपणच करायचा. आपले एमएस्सी नर्सिंगचे बहुतेक प्रबंध मात्र शिकवणीआधी प्रश्नावली आणि शिकवणीनंतर प्रश्नावली एवढ्यावर थांबतात. विद्यार्थिनीचे गुण वाढले हे त्यातून कळतं, पण रुग्णाची जखम भरली की नाही, हे कळत नाही.

तिसरा आक्षेप खुद्द परिचारिकांचा आहे आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. आमचं मोजमाप म्हणजे आमच्याच पाठीत हाणायला काठी, असं त्या म्हणतात. ही भीती अनुभवातून आली आहे. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागली, 10 बाळं गेली. वरिष्ठांचं निलंबन झालं, आणि कंत्राटी परिचारिकांची तर नोकरीच गेली. पण मोजमाप नसतानाही काठी बसतेच आहे. आकडे हातात असतील तर ती अडवता तरी येईल. संशोधक लिंडा एकेन यांनी अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध केला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली आढळली. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक आणि शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक असं आहे. रिक्त पदं वर्षानुवर्षं न भरणाऱ्या शासनाला जाब विचारायला याहून चांगलं हत्यार परिचारिकांच्या संघटनांना कुठे मिळणार?

म्हणून अमरावतीच्या इर्विन आणि डफरीनला, अकोल्याच्या सर्वोपचार आणि लेडी हार्डिंगला, या चारही सरकारी रुग्णालयांना माझी जाहीर विनंती आहे. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर दर महिन्याला तीन आकडे लावा. दाखल झाल्यावर किती रुग्णांना बेडसोर झाले, सलाईनची सुई लावलेली जागा किती जणांची सुजली आणि रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती रुग्ण होते. पहिल्या दोन आकड्यांसाठी तिला जाब विचारण्याआधी तिसरा आकडा वाचा, आणि त्याचं उत्तर मंत्रालयाकडून घ्या.