बाटली नेली, मग सांगितलं काय?

दरवर्षी प्रोजेक्टचे दिवस आले की आमची मायक्रोबायोलॉजीची मुलं निर्जंतुक बाटल्या आणि बर्फाचा डबा घेऊन मंगरुळपीर, मानोरा, रिसोडकडच्या गावांत पांगतात. त्यातल्या कुणाचा तरी विषय हमखास असतो: दूषित भूजलातून बहुशर्करा तयार करणारे जिवाणू वेगळे करणे. वाशीम जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात मी हे शिकवते, आणि हा विषय मला मनापासून आवडतो. माझी तक्रार विषयाबद्दल नाही.

आधी काम काय ते सांगते. विहिरीचं पाणी टप्प्याटप्प्याने पातळ करायचं, साखर घातलेल्या अगारच्या प्लेटवर पसरायचं आणि इनक्युबेटरमध्ये ठेवून द्यायचं. एकदोन दिवसांनी प्लेट बघितली की बहुतेक वसाहती नुसत्या ठिपक्यांसारख्या दिसतात. मधेच एखादी फुगीर, ओलसर, चकचकीत. तिला तारेचा लूप लावून वर उचललं की भेंडी चिरताना सुटते तशी तार येते. जिवाणूने स्वतःभोवती सोडलेल्या साखरेच्या लांब साखळ्या त्या, म्हणजेच बहुशर्करा. पुढे तो जिवाणू द्रवात वाढवायचा, सेंट्रिफ्यूज करून पेशी तळाला बसवायच्या आणि वरच्या निवळीत दुप्पट थंडगार अल्कोहोल ओतायचं. पांढरे तंतू दिसायला लागले की एरवी मागच्या बाकावर पेंगणारा मुलगाही टेबलापाशी येऊन उभा राहतो.

याचा उपयोग काय, असं पालक विचारतात. सॉसच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, झँथन गम सापडेल. कोबीवर काळी कुज आणणाऱ्या झँथोमोनास जिवाणूचा तो डिंक. टूथपेस्टपासून तेलविहिरी खोदण्यापर्यंत सगळीकडे वापरतात. जेलन गम देणारा जिवाणू अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका तळ्यात, पाणवनस्पतीवर मिळाला होता. साखर कारखान्यात तोडलेला ऊस जास्त दिवस पडून राहिला की रस बुळबुळीत होतो, कारण ल्युकोनोस्टॉक जिवाणू साखरेचं डेक्स्ट्रान करून टाकतात. कारखान्याला ती डोकेदुखी, पण हेच डेक्स्ट्रान रक्तस्राव झालेल्या रुग्णाला सलाइनमधून देत आले आहेत. यातल्या काही बहुशर्करा गढूळ पाण्यातला गाळ एकत्र ओढून खाली बसवतात, काही जड धातू धरून ठेवतात. तेव्हा आमच्या काळ्या पाषाणातल्या एखाद्या विहिरीतूनही कामाचा जिवाणू निघू शकतो, यात अतिशयोक्ती काही नाही.

पण ज्या प्लेटवर तो चकचकीत ठिपका उगवतो, तीच प्लेट त्या विहिरीबद्दलही बोलत असते. ते बोलणं गावापर्यंत पोचतच नाही.

तार सुटणारे सगळे जिवाणू गुणाचे नसतात. क्लेब्सिएला अशीच जाड, ओली वसाहत करतो. स्यूडोमोनासचे काही प्रकारही तसेच, आणि दोघंही अशक्त माणसाला आजारी पाडू शकतात. शिवाय हा बुळबुळीत थर जिवाणूचं चिलखतही असतो. पाइपलाइनच्या आतून, टाकीच्या भिंतीला तो बसला की क्लोरीन त्याच्या तळापर्यंत नीट पोचत नाही. गावातला पाणीपुरवठा कर्मचारी क्लोरीनची टीसीएल पावडर टाकतो, पाण्यात क्लोरीन असल्याचं दाखवणाऱ्या ओटी टेस्टला पिवळा रंग येतो, सगळ्यांना हायसं वाटतं. थराखालचे जिवाणू मात्र तिथेच असतात. टाकी घासून धुण्याला पर्याय नाही, हे गावाला कुणी सांगायचं?

आणि नायट्रेट? आमच्याकडे सोयाबीन, तूर, कपाशी, त्यावर युरिया. विहिरीच्या जवळच संडासाचे शोषखड्डे. मुरुमातून आणि पाषाणाच्या भेगांतून हे सगळं खाली झिरपतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको, असं मानक सांगतं. उकळून ते जात नाही. पाणी आटेल तसं आणखी दाट होतं. तान्ह्या लेकरांना बाटलीतून दूध पाजणाऱ्या आईला हे माहीत असायला हवं.

मानोऱ्याकडच्या एका विहिरीवर पाणी भरणाऱ्या आजी मला म्हणाल्या, "मॅडम, पोट्टे बाटल्या भरून घेऊन गेले, मंग सांगतलं त कोनंच नाही." यावर मी काय बोलणार? त्या पाण्याचा पीएच, नायट्रेट, जिवाणूंची संख्या, सगळं प्रोजेक्टच्या दुसऱ्या प्रकरणात तक्त्यात टाइप केलेलं असतं. प्रोजेक्टला कडक पुठ्ठा बसतो, तोंडी परीक्षा होते, आणि तो कपाटात जातो. जिवाणूचं त्याहून वाईट. फ्रीजमधल्या स्लँटवर, म्हणजे नळीतल्या तिरप्या अगारवर, तो वाळतो, आणि पुढच्या वर्षीची मुलं पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात.

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) औद्योगिक जिवाणूंचा संग्रह आहे, राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रही पुण्यातच आहे. चांगला जिवाणू तिथे जमा करता येतो. तसं केलं तर उद्या कुणी त्यातून पैसा कमावलाच, तर तो कुठल्या गावच्या विहिरीतला हे नोंदीवर राहील. २००२ च्या जैवविविधता कायद्याने सूक्ष्मजीवही जैविक संसाधनात धरले आहेत, आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी असं तोच कायदा सांगतो. त्या समितीच्या नोंदवहीत कडुनिंब आणि मोर असतात. आपल्या विहिरीतल्या जिवाणूची ओळ लिहायला काय हरकत आहे?

विद्यापीठाने नियम एवढाच करावा: भूजलावरच्या कुठल्याही प्रोजेक्टला ग्रामपंचायतीची पोच जोडल्याशिवाय तोंडी परीक्षा नाही. सरपंचाच्या सहीचा एक कागद, सोबत मराठीत पानभर अहवाल: पाणी पिण्यालायक आहे की नाही, नसेल तर कशामुळे, आणि टाकी कधी धुवायची. मुलांना हे लिहायला एक दुपार पुरते. बहुशर्करेची रचना समजावण्यापेक्षा ते सोपं आहे, आणि परीक्षकांनी त्याला दहा गुण ठेवले तर कुणी टाळणारही नाही.