कुलूप नसलेले पोर्ट

परवा एका संस्थेच्या कार्यालयात गेलो होतो. नाव सांगत नाही, नगर लहान आहे.. (२०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण तोंडातलं नगर काही जात नाही.) कपाटात ४८-४८ पोर्टचे तीन स्विच, केबलने जोडून एकच केलेले. ह्याला स्टॅक म्हणतात. १४४ पोर्ट, वापरात जेमतेम साठ. व्हरांड्यातल्या बाकाशेजारच्या रिकाम्या सॉकेटला सहज लॅपटॉप लावला, तर लगेच आत! हिशोबाचा सर्व्हर ओ देत होता. शेजारी कर्जासाठी आलेले आजोबा बसले होते. लॅपटॉप असता तर त्यांनाही हेच जमलं असतं.

साहेब म्हणाले, "अहो, आपल्याच इमारतीत कोण येतंय?"

ह्या वाक्याने माझं डोकं फिरतं! आपल्या जिल्ह्यातलं शनिशिंगणापूर बिनकुलपाच्या घरांसाठी प्रसिद्ध. २०११ मध्ये युको बँकेनेही तिथे बिनकुलपाची शाखा उघडली. पण तिथे शनिदेवाचा धाक आहे. व्हरांड्यातल्या सॉकेटला कोणाचा?

"पण आम्ही यादी केलीय," साहेब म्हणाले. खरंच होती. कोणत्या पोर्टवर कोणतं मशीन चालेल, रिकामे पोर्ट बंद, सगळं चोख. मग घोळ कुठे झाला? यादीत पोर्टचा पत्ता असतो: आधी स्विचचा क्रमांक, मग पोर्टचा. दोन नंबरचा स्विच जळला, घाईत दुसरीकडचा वापरलेला आणून लावला. तो आपला जुना चार नंबर घेऊनच आला. आता यादी गेलेल्या दोन नंबरची राखण करतेय, आणि चार नंबरचे सगळे पोर्ट सताड उघडे! दिवे हिरवे, कामं सुरळीत. मग बघतो कोण?

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी गेले. तिथला स्विच एटीएमचे व्यवहार तपासणारा, आपला वायरींचा नव्हे, आणि चोरही व्हरांड्यातून आले नव्हते. पण घुसखोर एकदा आत पोचला की 'आतलं ते आपलं' हा विश्वास त्याच्याच कामी येतो.

कुलपांची कटकट असते, मान्य. कोणी टेबल हलवलं की पोर्ट बंद पडतो आणि फोन मला येतो. पण कटकट नको म्हणून कुलूपच काढायचं? रिकामे पोर्ट बंद करायला एक पैसा लागत नाही. स्विच बदलला की त्याचा क्रमांक यादीशी ताडून बघायचा, आणि एकदा रिकाम्या सॉकेटला स्वतः लॅपटॉप लावून बघायचा. दहा मिनिटांचं काम! ते न करणाऱ्याने "आमच्याकडे सिक्युरिटी आहे" असं म्हणू नये.

असो. मामा, तुम्ही हे वाचणार आणि "पोर्ट म्हणजे काय रे?" विचारणार. गावाला निघताना रिक्षा थांबवून मागच्या दाराची कडी बघून येता ना? तेवढंच सांगतोय. :)