हौस आपली, जीव पिल्लांचा

मंडळी, आता नातवंडांना घरात ॲक्सोलोटल हवा आहे! हा जीव मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या थंड पाण्यातला. मादी एका वेळी शेकडो अंडी घालते. पण त्यांतून निघालेले पिल्लू हलणारे, जिवंत भक्ष्यच टिपते. उपाशी राहिले की भावंडांचेच पाय तोडते. पाणी स्वच्छ आणि 20 अंशांच्या आत हवे. आमच्या वाशीमला मे महिन्यात पारा 40 च्या वर, त्यात वीज गेली की संपलेच! म्हणून माझे स्पष्ट मत, हा पाहुणा इथे नको. त्यापेक्षा पावसाळ्यात मुलांना डबक्याकाठी न्या. ॲक्सोलोटल जन्मभर कल्ले घेऊन पाण्यातच राहतो. आपला बेडूकमासा मात्र काही आठवड्यांत शेपूट जिरवून जमिनीवर येतो. बरणीत भरू नका, नुसते बघा.