लस टोचली, पण नोंद कुठे आहे?

गेल्या महिन्यातली गोष्ट. आठवडी बाजाराचा दिवस असल्यामुळे दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एक तरुण आई दीड वर्षाच्या मुलीला घेऊन आली. बरोबर सासूबाई होत्या. "डॉक्टरसाहेब, हिला गोवराचं दुसरं इंजेक्शन द्यायचंय." मी कार्ड मागितले. कार्ड माहेरी, आईच्या पेटीत राहिले होते. "बरं, पहिलं इंजेक्शन कुठे घेतलं होतं?" सासूबाई हसून म्हणाल्या, "अहो, तुम्हीच तर टोचलं होतं! विसरलात होय?"

मी खरोखरच विसरलो होतो. कंपाउंडरने जुन्या वह्या काढल्या. तिसऱ्या वहीत माझ्याच अक्षरात नोंद सापडली: 'बेबी, वय ९ महिने, एमएमआर.' नाव नाही, आडनाव नाही, गाव नाही. त्याच महिन्यात अशा चार 'बेबी' होत्या. त्यांतली ही कोणती, ते मलाच सांगता येईना.

लेखी नोंद नसेल तर लस मिळालेली नाही असे धरून चालायचे, हा आमचा नियम आहे. म्हणून त्या दिवशीची लस पहिली समजून दिली आणि महिन्यानंतर पुन्हा बोलावले. जास्तीच्या डोसाने अपाय होत नाही, हे आजींना समजावून सांगितले. पण त्या पोरीला जी एक सुई जादा टोचावी लागणार आहे, तिला जबाबदार माझी वही आहे. जवळजवळ तीस वर्षे प्रॅक्टिस केल्यावर हे कबूल करताना बरे वाटत नाही. तरीही सांगतो, कारण हा घोटाळा माझ्या एकट्याच्या दवाखान्यातला नाही.

आपल्याकडची रीत आठवून पाहा. पहिले बाळंतपण माहेरी. जन्मानंतरची बीसीजी, पोलिओ आणि काविळीची लस तिथल्या दवाखान्यात. दीड महिन्याची लस माहेरच्या उपकेंद्रात, पुढची सासरी अंगणवाडीत. मग वडिलांना पुण्याकडे कारखान्यात काम लागते आणि नवव्या महिन्याची लस तिसऱ्याच गावी. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे हाल तर विचारूच नका. दिवाळीच्या सुमारास घर सोडायचे ते उन्हाळ्यापर्यंत कोपीत राहायचे. तिथे कागदाचे कार्ड पावसात भिजते, उंदीर कुरतडतात, नाहीतर पोरांच्या हाती लागून त्याच्या होड्या होतात.

सरकारी वेळापत्रकाप्रमाणे जन्मापासून सोळाव्या वर्षापर्यंत लसीसाठी किमान नऊ खेपा घालाव्या लागतात. जन्मतः, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी, नऊ महिन्यांनी, सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, पाच ते सहा वर्षांचे असताना, दहाव्या वर्षी आणि सोळाव्या वर्षी. एवढा हिशेब आईने डोक्यात ठेवावा अशी अपेक्षा करणे चूक आहे.

या अडचणीवर केंद्र सरकारने 'यू-विन' नावाची संगणकीय नोंदवही काढली आहे. करोनाची लस घेताना २०२१ साली 'कोविन' सर्वांच्या परिचयाचे झाले. त्याच धर्तीवर ही यंत्रणा गरोदर स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी आहे. २०२३ च्या सुरुवातीला काही निवडक जिल्ह्यांत तिची चाचणी झाली आणि मग ती देशभर नेण्यात आली. बाळाची नोंद एकदा झाली की प्रत्येक डोस त्याच्या नावावर चढतो, पुढच्या तारखेची आठवण मोबाइलवर येते आणि प्रमाणपत्रही मिळते. माहेरची नोंद सासरी दिसते. कार्ड हरवले तरी माहिती हरवत नाही.

मात्र संगणकात जे घालावे, तेच तो सांगतो. आम्ही खासगी डॉक्टर लस टोचून आमच्याच वहीत लिहीत राहिलो, तर सरकारी नोंदवहीत ते मूल 'लस न मिळालेले' म्हणून दिसेल. नर्सताई विनाकारण त्याच्या घरी खेटे घालतील. उलट ज्या पोराला खरोखरच लस मिळालेली नाही, ते या गर्दीत झाकले जाईल. गोवराचा रोगी ज्या घरात असतो, तिथल्या लस न घेतलेल्या दहा जणांपैकी नऊ जणांना तो होऊ शकतो. तो गावात पसरू नये म्हणून शंभरातल्या सुमारे पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत आणि मालेगाव, भिवंडी या भागांत गोवराची साथ आली. त्यात बालके दगावली. कोणत्या गल्लीतली कोणती मुले राहिली आहेत हे आधी कळणे किती मोलाचे असते, ते अशा वेळी समजते.

माझे काही व्यवसायबंधू म्हणतात, "रोगी बघायचे की टाइप करत बसायचे?" तक्रार अगदीच खोटी नाही. नेट जाते, वीज जाते, मदतनीस नवा असतो. मलाही सुरुवातीला एका नोंदीला बराच वेळ लागे. पण लसीचे पैसे घेतो तेव्हा नोंद हासुद्धा त्या कामाचाच भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सुई टोचून नोंद न करणे म्हणजे काम अर्धवट सोडणे.

तितक्याच स्पष्टपणे दुसरी बाजूही सांगतो. नोंदवही लसीसाठी आहे, लस नोंदवहीसाठी नाही. नेट बंद आहे म्हणून, मोबाइल नाही म्हणून किंवा आधार कार्ड आणले नाही म्हणून पाच कोस चालत आलेल्या आईला परत पाठवणे हा अन्याय आहे. परत गेलेली आई पुन्हा येईलच याचा भरवसा नसतो. अशा वेळी आधी लस द्यावी, कागदावर टिपून ठेवावे आणि संध्याकाळी नेट आल्यावर नोंद चढवावी. न दिलेल्या लसीची नोंद करणे तर त्याहून वाईट. करोनाच्या काळात लस न घेताच प्रमाणपत्र आल्याच्या तक्रारी आपण वाचल्या आहेत. उद्दिष्ट गाठण्यासाठी केलेली खोटी नोंद कोऱ्या पानापेक्षा घातक असते, कारण मग त्या मुलाला शोधायला कोणीच जात नाही.

आता पालकांसाठी चार गोष्टी.

पहिली, लस सरकारी दवाखान्यात घ्या की खासगी, उठण्यापूर्वी "नोंद झाली का?" असे जरूर विचारा. यात डॉक्टरांचा अपमान होत नाही.

दुसरी, घरात राहणारा मोबाइल नंबर द्या. वडील ट्रकवर आणि नंबरही त्यांचाच, मग आठवणीचा निरोप नागपूरच्या ढाब्यावर पोहोचतो आणि बाळ इथे राहते. नंबर बदलला तर आशाताईंना किंवा नर्सताईंना कळवा. फोनवरून कोणी ओटीपी मागितला तर मात्र देऊ नका.

तिसरी, कागदी कार्ड टाकून देऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि माहेरी जाताना, गावाला जाताना बरोबर न्या. जमल्यास मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा.

चौथी, तारीख चुकली म्हणून घाबरून घरी बसू नका. राहिलेला डोस तिथून पुढे देता येतो, बहुतेक लसी पहिल्यापासून सुरू कराव्या लागत नाहीत. साधी सर्दी किंवा खोकला असला तरी लस देता येते.

माझ्या दवाखान्यात आता प्रत्येक बाळाचे पूर्ण नाव, आईचे नाव, गाव आणि लसीचा बॅच नंबर लिहिला जातो, आणि दिवे मालवण्यापूर्वी त्या दिवसाच्या नोंदी संगणकावर चढतात. जुन्या वहीतल्या त्या चार 'बेबीं'चा शोध मी घेतो आहे. एक सापडली. गेल्या दोन वर्षांत नवव्या महिन्याची लस माझ्याकडे घेतलेले मूल आपल्या घरी असेल, तर कार्ड असो वा नसो, एकदा दवाखान्यात डोकावून जा. नोंद पुरी करून घेऊ. त्याचे पैसे पडणार नाहीत.