विश्लेषण : कोडिंगची साधने लॅपटॉपची जागा कशी खातात? त्यातले काय पुसता येते?

मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशियल’ या नावाने ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसाय गुंडाळण्याची घोषणा केली. एआय डेटा सेंटरची मागणी हे त्यामागचे कारण. अशा काळात ‘जागा संपली तर मोठी एसएसडी घ्या’ हा सल्ला २५६ जीबीच्या लॅपटॉपवर कोडिंग शिकणाऱ्यांना परवडणारा नाही.

जागा जाते कुठे?

स्वतः लिहिलेला कोड बहुधा काही एमबीचाच असतो. जावास्क्रिप्टच्या प्रत्येक प्रकल्पात एनपीएम ‘नोड मॉड्यूल्स’ फोल्डर नव्याने भरते. दहा प्रकल्प, तर त्याच लायब्ररींच्या दहा प्रती! रस्टचा ‘टार्गेट’, एक्सकोडचा ‘डिराइव्ह्ड डेटा’, अँड्रॉइड स्टुडिओचे एम्युलेटर, डॉकरच्या जुन्या इमेज हे सारे पाहता पाहता कित्येक जीबीवर जाते. मॅक आणि लिनक्सवर टिंबाने सुरू होणारे फोल्डर एरवी दिसतही नाहीत. ‘एनसीडीयू’सारखे साधन फोल्डर आकारानुसार लावून दाखवते; डॉकरचा हिशेब ‘डॉकर सिस्टिम डीएफ’ ही कमांड देते.

काय पुसावे?

जे पुन्हा तयार करता येते, ते. लायब्ररींची यादी आणि लॉक फाइल शाबूत असेल तर ‘नोड मॉड्यूल्स’ परत येते. अर्थात त्यासाठी पुन्हा डेटा खर्च होतो. मोबाइल हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे. ‘टार्गेट’ पुसल्यास पुढचे बिल्ड तेवढे रेंगाळते.

धोका कुठे?

घाईत वापरलेल्या कमांडमध्ये. ‘गिट क्लीन’ला ‘एक्स’ हा पर्याय जोडला, की गिटने दुर्लक्षित केलेल्या फाइलही जातात. पासवर्ड आणि एपीआय की ठेवलेली ‘एन्व्ह’ फाइल बहुधा त्यातच असते आणि तिची प्रत गिटमध्ये नसते. ‘डॉकर सिस्टिम प्रून’ व्हॉल्यूमना आपणहून हात लावत नाही. मात्र तसा पर्याय दिला तर चाचणीसाठी भरलेला डेटाबेसही जाऊ शकतो. त्यामुळे आधी नुसती यादी दाखवणारा ‘एन’ पर्याय गिटमध्ये वापरणे शहाणपणाचे.

साधने स्वतः का आवरत नाहीत?

काही आता आवरू लागली आहेत. पीएनपीएम लायब्ररीची एकच प्रत ठेवून सर्व प्रकल्पांना जोडते. रस्टच्या कार्गोने जून २०२५ च्या १.८८ आवृत्तीपासून तीन महिने न वापरलेली डाउनलोड केलेली पॅकेजेस आपोआप काढायला सुरुवात केली. प्रकल्पातला ‘टार्गेट’ फोल्डर मात्र अजूनही वापरणाऱ्यालाच साफ करावा लागतो.