आय-सेव्हनच्या नावानं चांगभलं

काटोल तालुक्यात संत्र्याचं कलम विकत घेणारा माणूस बघा एकदा. तो पानांच्या हिरवेपणावर भाळत नाही. पहिला प्रश्न विचारतो, खुंट कशाचा? जंबेरीचा की रंगपूर लाइमचा? मग वाकून बघतो की डोळा जमिनीपासून किती वर बांधलाय. वीतभर तरी हवा, नाहीतर मातीतली बुरशी चढते आणि पुढे झाडाला डिंक्या लागतो. नर्सरीवाला कितीही गोड बोलला तरी हा माणूस हलत नाही. कलमात फसवणूक झाली तर ती कळायला चार-पाच वर्षं जातात, आणि तोवर रान अडकून पडतं, हे त्याला पक्कं माहीत असतं.

हाच माणूस आंबिया बहाराचे पैसे खिशात घालून पोरासोबत कॉम्प्युटरच्या दुकानात शिरतो आणि एकही प्रश्न विचारत नाही.

दुकानदार म्हणतो, "आय-सेव्हन आहे काका. सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स. काहीबी चालन." कॅबिनेटला काच, आत लाल-निळे पंखे गरगरतायत. बाप पोराकडे बघतो, पोरगं मान डोलावतं, पैसे मोजले जातात.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे तालुक्याच्या गावांत 'बजेट गेमिंग पीसी' म्हणून जे विकलं जातं, त्यातला मोठा भाग ही शुद्ध लबाडी आहे. आणि ती दुकानदाराच्या हुशारीवर चालत नाही, ती चालते आपल्या घरातल्या एका खोट्यावर. त्या खोट्याकडे येतोच, पण आधी डबा उघडू.

'आय-सेव्हन' हे प्रोसेसरचं पूर्ण नाव नाही. ते नुसतं आडनाव आहे. पुढचा आकडा सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. आय-सेव्हन २६०० हा २०११ सालचा प्रोसेसर. चार कोअर, आठ थ्रेड. आय-थ्री १२१००एफ हा २०२२ चा, त्यालाही चार कोअर, आठ थ्रेड, पण एकेका कोअरचा वेग जवळपास दुप्पट. म्हणजे 'थ्री' हा 'सेव्हन'ला सहज मागे टाकतो. शिवाय जुन्याला एव्हीएक्स-२ नावाच्या सूचना कळत नाहीत आणि अलीकडचे कितीतरी गेम त्यांच्याशिवाय सुरूच होत नाहीत. अधिकृतपणे विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि ज्या व्हॅलोरंटसाठी आपली निम्मी पोरं जीव टाकतात, ते विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतं. २०११ च्या बोर्डावर टीपीएम २.० कुठून येणार? कोणीतरी जुगाड करून विंडोज ११ बसवून देतो, गेम उघडतो, एरर दाखवतो आणि बंद होतो. मग पोरगं रात्रभर यूट्यूबवर उपाय शोधत बसतं.

आता ते 'चार जीबी ग्राफिक्स'. ते बहुतेक वेळा जीटी ७३० असतं. हे कार्ड २०१४ चं, आणि एकाच नावाखाली तीन वेगळी कार्डं बाजारात आली. एकात ९६ कोअर, दोघांत ३८४. तिघांपैकी दोघांची मेमरी संथ डीडीआर-३, एकाचीच जीडीडीआर-५. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापतात ते जीबी. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर विहीर भलीमोठी, पण मोटर अर्ध्या एचपीची आणि पाइप अर्ध्या इंचाचा. ९६ कोअरवाल्या पिढीचे नवे ड्रायव्हर २०१८ मध्ये थांबले, ३८४ वाल्यांसाठी नव्या गेमांचे २०२१ मध्ये. हे कार्ड टीव्हीला सिनेमा लावायला वाईट नाही. पण त्याला 'गेमिंग' म्हणणं म्हणजे लुनाला बुलेट म्हणणं.

आणि ज्याच्याकडे कोणीच बघत नाही ती वस्तू, एसएमपीएस. पत्र्याचा चौकोनी डबा, मागून वायर लागते तो. बजेट कापायचं ठरलं की पहिली कात्री इथंच चालते, कारण काचेतून तो दिसत नाही. त्यावर '४५० वॅट' लिहिलेलं असतं. ते सोडून द्या. शेजारच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते वाचा आणि बाराने गुणा. १४ अँपिअर असतील तर झाले १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज त्या १२ व्होल्टवरूनच घेतात. आरटीएक्स ३०६० हे एकटं कार्ड १७० वॅटचं आहे. म्हणजे ४५० लिहिलेला डबा एक कार्डसुद्धा ओढू शकत नाही.

हा मुद्दा मुंबई-पुण्यात महत्त्वाचा आहे, आमच्याकडे जिवावरचा आहे. संध्याकाळी शिवारातल्या मोटरी सुरू झाल्या की आमच्या गावात ट्यूबलाइट फडफडतात, पंखा जड होतो. स्वस्त एसएमपीएस २०० व्होल्टच्या खाली गेला की मान टाकतो आणि कधी कधी सोबत बोर्डही घेऊन जातो. चांगल्या एसएमपीएसवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. त्यात अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असतो, तो पडता व्होल्टेज पोटात घेतो. '८० प्लस' हा शिक्का विजेच्या बचतीचा आहे, मजबुतीचा नाही. पण पॉवर फॅक्टर ०.९ असल्याशिवाय तो मिळत नाही, म्हणून खरा शिक्का असेल तर निदान पीएफसी तरी आहे एवढं समजायचं. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर "थोडासा करंट लागतेच" असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. घराला अर्थिंग नाही, तिसरी पिन शोभेची आहे, एवढाच त्याचा अर्थ. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, कार्ड मागाहून.

हे सगळं इंटरनेटवर मिळतं ना, मग पोरं वाचत का नाहीत, असं कोणी विचारेल. वाचतात. बघतातही. पण ते व्हिडिओ ज्या माणसांसाठी बनलेत त्यांचं दुकान दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आहे. 'चाळीस हजारांत बीस्ट' या शीर्षकाखाली निम्म्याहून जास्त पैसे कार्डात घालतात, यूपीएस हिशेबात धरत नाहीत, मॉनिटर आणि कीबोर्ड तुमच्याकडे आहेत असं गृहीत धरतात. पार्ट बिघडला तर त्यांनी मेट्रो पकडायची. आमच्या पोरानं साठेक किलोमीटरवर नागपूरला जायचं, सर्व्हिस सेंटरचा टोकन घ्यायचा, 'पंधरा दिवसांनी या' ऐकायचं आणि परत यायचं. एक खेप म्हणजे एक दिवस आणि भाडं. वॉरंटी कागदावर तीन वर्षांची असली तरी ती तुमच्या गावापासून किती लांब आहे, हा पण बजेटचाच भाग आहे. हे त्या व्हिडिओंत कधी सांगितलेलं मी ऐकलं नाही.

आता घरातलं खोटं.

गेल्या दिवाळीनंतर काटोलजवळच्या एका गावातलं बारावीचं पोरगं माझ्याकडे डबा घेऊन आलं. मी हौसेनं मित्रांच्या मशीन जोडून देतो, म्हणून लोक येतात. सव्वीस हजारांचा 'आय-सेव्हन गेमिंग'. उघडला तर वर सांगितलं तेच सगळं: २०११ चा प्रोसेसर, डीडीआर-३ वालं कार्ड, एसएमपीएसवर कंपनीचं नाव नाही, फक्त सिंहाचं चित्र. मी विचारलं, "दुकानात व्हॅलोरंट चालवून का नाही पाहिलं बे?" त्यानं सांगितलं, "बाबा संग होते ना. अभ्यासाले पाहिजे म्हणून घेतला."

एवढंच. बापासमोर गेमचं नाव काढता येत नव्हतं, म्हणून मशीन तपासता आली नाही. दुकानदाराला हे बरोबर कळतं. बाप-लेक आत आले की त्याच्या लक्षात येतं की इथं एक गोष्ट दोघांपैकी कोणीच बोलणार नाही. बापाला अभ्यासाचा कॉम्प्युटर हवाय, पोराला गेमचा, आणि तो दोघांना तिसराच डबा देतो, जो अभ्यासाच्या भावात महाग आणि गेमच्या कामात निकामी असतो. ऑनलाइन क्लास आणि टायपिंगसाठी एवढे पैसे लागत नाहीत, हे बापाला कळायला मार्ग नाही. खरं काय ते पोरानं सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मशीनच मिळाली नसती.

यावर शहाणी माणसं म्हणतात, बरं झालं, गेम खेळायचे नाहीत मग. मला या वाक्याची चीड आहे. ज्या घरात बापाच्या बुलेटला, काकाच्या पत्त्यांच्या डावाला कारण द्यावं लागत नाही, तिथं पोरानं संध्याकाळी दोन तास गेम खेळायला 'एडिटिंग शिकतो', 'कोडिंग करतो' अशी कारणं का द्यावीत? शिकेल तो शिकेल, त्याच मशीनवर ब्लेंडरही चालतं. पण खेळ हे पुरेसं कारण आहे. ते उघड बोललं गेलं असतं, तर बापानं खुंट विचारला तसा जनरेशन विचारला असता. त्याला प्रश्न विचारता येतात, हे मी रोज बघतो.

दुसरा आक्षेप माझ्या मित्रांचाच. गरिबाच्या पोराला स्वस्तात काहीतरी मिळतंय, तुझं काय जातं? तर मी जुन्या मालाच्या विरोधात अजिबात नाही. उलट आजच्या बजेटमध्ये जुनाच माल शहाणपणाचा आहे, कारण २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचं उत्पादन आपल्याकडे ओढलं, मायक्रॉनने तर 'क्रूशियल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. आता दुकानदाराला आयतं कारण मिळालंय, "नवीन घ्याल तर रॅमच परवडणार नाही काका." अर्धं खरं आहे. म्हणून तर अर्धं खोटं खपतं.

खरा जुना माल असा: ऑफिसांतून निघालेले आठव्या पिढीचे आय-फाइव्ह, उदाहरणार्थ ८५००, सहा कोअरचा, २०१८ चा. विंडोज ११ चालतं. त्यात जीटीएक्स १६५० चं असं मॉडेल बसवा ज्याला वेगळी पॉवर वायर लागत नाही, ७५ वॅटमध्ये भागतं. फक्त कॅबिनेट बारकं असेल तर बुटकं कार्ड लागेल, आणि या ऑफिसवाल्या डब्यांचा एसएमपीएस बऱ्याचदा कंपनीच्या खास मापाचा असतो, बाजारातला बसत नाही, हे आधी बघा. नवीनच घ्यायचा तर रायझन ५ ५६००जी घ्या आणि कार्ड सध्या घेऊच नका. त्याच्या पोटातल्या ग्राफिक्सवर व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, जुना जीटीए ५ सेटिंग उतरवून चालतात. रॅम मात्र आठ-आठच्या दोन पट्ट्या, सोळाची एक नाही. ग्राफिक्सला वेगळी मेमरी नसते, ते रॅममधूनच ओढतं, आणि दोन पट्ट्यांनी रस्ता दुप्पट रुंद होतो. वाचलेले पैसे एसएमपीएस आणि यूपीएसमध्ये घाला. कार्ड पुढच्या बहाराला. पंख्यांचे दिवे कधीच नाही घेतले तरी चालतात.

माझा राग जुन्याला नवं म्हणून, थकलेल्याला 'गेमिंग' म्हणून विकण्यावर आहे. आणि बिल न देण्यावर. "बिल पाहिजे असन तर अठरा टक्के वरून लागन," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. पार्ट्सवर १८ टक्के जीएसटी आहे हे खरं, पण बिल ही दुकानदारानं वर दिलेली मिठाई नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल किंवा पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणंही त्यातच बसतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि १९१५ या हेल्पलाइनवर सुरुवात करता येते. बिल नसेल तर यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं 'आय-सेव्हन १६/४ न्यू' हे कोटेशन जपून ठेवा.

त्या बारावीच्या पोराकडे दोन्ही आहेत. दुकानात परत गेला तेव्हा त्याला उत्तर मिळालं, "चालते ना कॉम्प्युटर? मंग?" यावेळी बाप सोबत होता आणि त्याला सगळं माहीत होतं. त्यानं पहिल्यांदा विचारलं, "कोणत्या सालचा आहे हा?" दुकानदार म्हणाला, "काका, कॉम्प्युटरले साल नसते." नागपूरच्या आयोगासाठी अर्ज आम्ही लिहायला घेतलाय, आणि हे वाक्य त्यात जसंच्या तसं टाकलंय.